मला बालविभागात पाठवणाऱ्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कार्यकारी मंडळातले सगळे काका-काकू,

स. न. वि. वि.

ग्रंथालयाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाहीये. बडोद्यातल्या मराठी माणसाला ते कळेलच, दांडिया बाजारात कुणी शिंकलं तर रावपुऱ्यातून काढ्याचा निरोप येतो एवढी आपली वस्ती लहान, आणि बाहेरच्यांना नाव कळून काही उपयोग नाही. शिवाय मला बदनामी करायची नाहीये. नवव्या वर्षी आजोबांनी माझं बालसभासदाचं कार्ड काढलं तेव्हापासून मी तिथली आहे, म्हणजे आता सदतीस वर्षं झाली, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांची पूर्ण नावंही मला माहीत नाहीत, काका म्हणूनच ओळखते. विज्ञानकथा-अद्भुतकथांची पुस्तकं तुम्ही बालविभागात हलवलीत, त्याबद्दल याआधी दोन पत्रं दिली. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्याची पोचपण नाही, "बघू, मीटिंगमध्ये ठेवू" एवढंच. मीटिंग झाली, पत्र बहुतेक ठेवलेलंच राहिलं. म्हणून आता सगळ्यांसमोर.

झालं असं, की दिवाळी अंकांची गडबड संपल्यावर एका शनिवारी मी नेहमीसारखी पुस्तक बदलायला आले तर आतल्या खोलीतली खिडकीजवळची दोन कपाटं रिकामी. नुसती रिकामी नाही, पुसून लख्ख. मला वाटलं वाळवी लागली. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "ते सगळं बालविभागात गेलं." बरं, गेलं तर गेलं, मी पण गेले. बालविभाग म्हणजे जिन्याखालची ती खोली, कपाटं माझ्या कमरेएवढी, बसायला त्या बुटक्या लाल खुर्च्या, त्यात बसलं की उठायला दुसरं माणूस लागतं. फरशीवर मांडी घालून बसले, शोधून जयंत नारळीकरांचा एक विज्ञानकथासंग्रह काढला, काउंटरवर ठेवला, ताईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या कार्डावर नाही निघणार. बालविभागाचं पुस्तक फक्त बालसभासदाला." मी म्हटलं, अहो मी सेहेचाळीस वर्षांची आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

त्यांची काही चूक नाही, त्या बिचाऱ्या सिस्टीममध्ये जे दिसतं ते सांगतात. शेवटी माझ्या मुलाच्या कार्डावर पुस्तक काढलं. तो आठवीत आहे. बालसभासदाला एका वेळी एकच पुस्तक, त्यामुळे त्याने स्वतःसाठी निवडलेलं परत ठेवावं लागलं आणि खंडेराव मार्केट येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून तो एक अक्षर बोलला नाही.

नोटीस मी नंतर वाचली. आधीच वाचायला हवी होती, पण ती वर्गणीच्या नोटिशीखाली अर्धी झाकलेली होती. त्यात लिहिलंय की 'गंभीर व अभिजात वाचनास प्राधान्य देण्याच्या दृष्टीने' विज्ञानकथा, अद्भुतकथा, भय आणि रहस्य ही पुस्तकं बालविभागात 'वर्ग' करण्यात येत आहेत, या प्रकारातली नवीन खरेदी पुढील सूचनेपर्यंत स्थगित, आणि जीर्ण प्रती निर्लेखित करण्यात येतील, म्हणजे नोंदीतून काढून रद्दीत. तीनच कलमं आहेत. मला तिन्ही मान्य नाहीत.

आधी माझा काय संबंध ते सांगते, नाहीतर म्हणाल हिला काय उद्योग नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या ट्यूबा, स्लाइडी आणि रिपोर्ट. जे आहे तेच लिहायचं, दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर माणसाचं औषध बदलतं. असा दिवस काढल्यावर संध्याकाळी मला जे नाहीये ते वाचायचं असतं. दोन सूर्य असलेला ग्रह, तिथे सावली दोन बाजूंना पडते, मग दुपारी विसावा घ्यायचा तर माणसं कुठे बसत असतील? मला हे प्रश्न आवडतात. लोकांना वाटतं अद्भुत म्हणजे लेखकाच्या मनाला येईल ते, काहीही चालतं. उलट आहे हो. आपल्या नेहमीच्या कादंबरीत लेखकाला जग आयतं मिळतं, नळ सोडला की पाणी येतं. इथे पाणी कुठून येतं ते पण त्यालाच ठरवायचं असतं, आणि एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळायचं, जादूची काहीतरी किंमत ठेवायची आणि ती नायकाकडूनपण वसूल करायची. जो पाळत नाही त्याचं पुस्तक मी पन्नासाव्या पानावर बंद करते. आणि पहिल्या पानावर नकाशा असला की मात्र मागचा मजकूर न वाचताच घरी नेते. हा माझा वीकनेस आहे, नवऱ्याला माहितीय, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याने दागिन्याऐवजी असलं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. (दागिना पण चालला असता, पण असो.)

सुरुवात आजोबांनी करून दिली. रविवारी कमाटीबागेतलं तारामंडळ, मग भाजलेल्या शेंगा, मग तुमचं ग्रंथालय. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मी त्या जिन्याखालच्या खोलीतच वाचला, आणि तो इतका मराठी होता की व्हर्न हे गृहस्थ फ्रेंच आहेत हे मला कॉलेजात कळलं. तेव्हा बालविभागाला मी कमी लेखत नाहीये. मी तिथूनच आलेय. पण चौदाव्या वर्षी तिथून बाहेर पडले ना, तर आता परत का पाठवताय?

आता तक्रारी.

पहिली तर कार्डाची, ती सांगून झाली. एका सज्ञान, वर्गणी वेळेवर भरणाऱ्या सभासदाला ग्रंथालयात असलेलं पुस्तक मिळत नाही. बास. यावर जास्त काय लिहायचं.

दुसरी त्या 'गंभीर' शब्दाची, आणि ही मला जास्त लागलीय. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. आपल्याकडे श्रद्धांजलीची सभा झाली, फोटोला हार, मीपण तिसऱ्या रांगेत होते. अध्यक्षकाका, तुम्ही स्वतः त्या दिवशी ती गोष्ट किती रंगवून सांगितलीत, की १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी, आणि पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला वाटलं की कथा नावावर नको, कथा म्हणून निवडली जावी. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचं, ९४ व्या, अध्यक्षपद मराठी साहित्याने त्यांना दिलं. आणि टाळ्यांना सहा-सात महिने होतात न होतात तोवर तुम्ही त्यांना जिन्याखाली 'वर्ग' केलंत. आत्मचरित्र मात्र वर ठेवलंय, मी बघितलं. म्हणजे माणूस गंभीर, त्याने लिहिलेल्या कथा बाळबोध, असं काही आहे का?

आणि अभिजात म्हणायचं तर भरतमुनींनी जे आठ रस सांगितले त्यात अद्भुत आहे, भयानक आहे. शांत रस त्यात नंतर आला. वाचनकक्षात तुम्ही 'शांतता राखा' ची पाटी लावलीय म्हणून सिनियॉरिटी बदलत नाही.

मला ते नेहमीचं 'विज्ञानकथांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बघा खरं झालं' वालं करायचं नाहीये. माझे लॅबमधले लोक तेच म्हणतात, विज्ञानकथा वाचतेस म्हणजे चांगलं, ज्ञान मिळतं. ज्ञानासाठी मी पाठ्यपुस्तक वाचीन ना. कथा मी कथेसाठी वाचते, जशी तुम्ही ऐतिहासिक कादंबरी वाचता. तिथे पण महाराज खरंच तसं बोलले होते का हे कुणी पडताळून बघत नाही, आणि ती कपाटं दर्शनी भागात आहेत.

तिसरी तक्रार, खरेदीची. "मागणी नाही" असं सेक्रेटरीकाका मला तोंडावर म्हणाले. काउंटरवरची सूचना वही उघडून बघा. माझीच किती पानं आहेत, आणि माझं सोडा, वेगवेगळ्या अक्षरांत तरुण पोरापोरींनी पुस्तकांची नावं लिहिलीत, कुणी कुणी तर प्रकाशकाचा पत्तासुद्धा. समोरच्या 'कार्यवाही' च्या रकान्यात काहीच नाही. वर्षानुवर्षं नवीन पुस्तक आणायचं नाही, जुनी पिवळी पडलेलीच ठेवायची, आणि मग म्हणायचं कुणी वाचत नाही. खानावळीत रोज शिळं वाढायचं आणि म्हणायचं गिऱ्हाइकाला भूक नाही, तसलं झालं हे.

तरी वाचतात हो लोक! मागच्या देवघेव पट्टीवरचे तारखेचे शिक्के बघा. 'नवल' चे दिवाळी अंक हातात येतात तोवर त्यांचा कणा मोडलेला असतो, तो काय आपोआप मोडतो? शनिवारी संध्याकाळी त्या दोन कपाटांपाशी जी चार-पाच पोरं उभी दिसायची, कॉलेजची, बॅगा पायाशी टाकलेली, ती या ग्रंथालयातली चाळिशीच्या आतली जवळजवळ सगळी वस्ती होती. आता पुस्तकं नाहीत तर ती पोरंपण नाहीत. मागच्या दोन शनिवारी मी मोजली, एकही नव्हतं.

इथे थोडं घरचं सांगते. माझा मुलगा इंग्लिश मीडियमला, शाळेत गुजराती, हिंदी, आणि मराठी फक्त घरात, ते पण "जेवायला ये" आणि "मोबाइल ठेव" एवढं. सहावीपर्यंत मराठी लिहायचा तर वरची रेघच द्यायचा नाही, गुजरातीसारखं नुसतं लोंबतं अक्षर. म्हटलं अरे शिरोरेषा? तर म्हणे, "रेघ कशाला, वाचता येतंय ना." त्याला मी संतचरित्रं देऊन बघितली, बोधकथा दिल्या, दहा पानांच्या पुढे गेला नाही. मग एकदा तापात पडला होता तेव्हा मी तुमच्याकडचीच एक विज्ञानकथा मोठ्याने वाचून दाखवायला लागले, आणि अगदी ऐन वेळी, यानाचं दार उघडतंय तिथे, मला लॅबमधून फोन आला. वीस मिनिटांनी परत आले तर हा पांघरुणात बसून स्वतः बोट लावून वाचतोय. अडखळत, पण वाचतोय. त्या महिन्यात त्याने तो संग्रह संपवला. आता रेघ देतो. वाकडी देतो, पण देतो. तर कृपा करून मला हे सांगू नका की या पुस्तकांनी मराठी वाचनसंस्कृतीचं नुकसान होतं, निदान महाराष्ट्राबाहेर बसून तरी नको.

चौथी तक्रार माझी नाहीये, दुसऱ्या एका आईची आहे, पण ती या सगळ्याचा कळस आहे म्हणून लिहिते. तुम्ही 'भय' पण बालविभागात टाकलंत. म्हणजे नारायण धारप. धारप! चांदोबाशेजारी! मी कॉलेजात असताना धारप वाचून रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायला घाबरायचे आणि तुम्ही ते सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाताला लागेल असं ठेवलंत. व्हायचं तेच झालं, दुसरीतली एक मुलगी मुखपृष्ठ छान दिसलं म्हणून घरी घेऊन गेली, तिला तीन रात्री झोप नाही, आई भांडायला आली. बरोबरच आहे तिचं. त्यावर तुम्ही काय केलंत? चूक कबूल करून पुस्तकं वर आणलीत? नाही, त्या कपाटाला कुलूप लावलंत. म्हणजे आता मोठ्यांना कार्डामुळे मिळत नाहीत आणि लहानांना कुलुपामुळे. आणि किल्ली सेक्रेटरीकाकांकडे, ते येतात मंगळवारी.

हे सगळं बडोद्यात होतंय याचं मला जास्त वाईट वाटतं. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला थेट अमेरिकेहून इथे आणलं, लोकांना फुकट वाचायला मिळावं म्हणून राज्यभर ग्रंथालयं काढली, गावोगाव पेट्यांमधून पुस्तकं पाठवली. त्या बोर्डनसाहेबांनी बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवली होती. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी एवढा विचार करून पुस्तकांना जागा ठरवून दिली त्या गावात तुम्ही नारळीकर आणि धारप एका पोत्यात घालून जिन्याखाली टाकता! जगभर चालते ती ड्यूई पद्धत घ्या, मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, त्यात पुढे कथा-कादंबरीला ३. गंभीरला वेगळा आकडा नाही.

आणि महाराजांचीच गोष्ट बघा ना. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरचा बारा वर्षांचा गोपाळ, १८७५ मध्ये इतर मुलांबरोबर बडोद्यात येतो काय, त्यातून नेमका तोच निवडला जातो काय, आणि एकदम गादीवर बसतो. ही गोष्ट मी ग्रह आणि राज्याचं नाव बदलून लिहून दिली तर तुम्ही ती बालविभागात टाकाल.

बरं, महाराष्ट्राबाहेरच्यांनी हा नाद कुठून काढला असंही कुणी म्हणायला नको. मराठीत विज्ञानकथेची सुरुवात सांगताना १९०० सालच्या 'केरळ कोकिळ' मधल्या व्हर्नच्या भाषांतराचं नाव घेतात, आणि हे मासिक सुरू झालं होतं कोचीला. पुण्या-मुंबईत नाही, कोचीला. आपल्यासारख्याच बाहेर राहिलेल्या मराठी माणसांनी.

आता माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत.

त्या दोन कपाटांतली पुस्तकं होती तिथे परत आणा. जागा नाही म्हणू नका, रिकामी केलेली कपाटं तिथेच उभी आहेत, त्यात आता सत्काराच्या शाली आणि ट्रॉफ्या ठेवल्यात. लहान मुलांसाठीची पुस्तकं खाली राहू द्या, जरूर राहू द्या, पण कुठलंही पुस्तक कुठल्याही मोठ्या सभासदाच्या कार्डावर निघालं पाहिजे, आज, मीटिंगची वाट न बघता, कारण ते सिस्टीममध्ये एक खूण बदलायचं काम आहे असं ताईच म्हणाल्या. भयकथांचं कुलूप काढून ती वर न्या.

खरेदीवरची बंदी उठवा आणि वर्षाला निदान दहा पुस्तकं सूचना वहीतली घ्या, कार्यवाहीच्या रकान्यात हो की नाही ते लिहा, नाही असेल तर का ते पण. पुस्तक निवड समितीवर चाळिशीच्या आतलं एक माणूस घ्या. मी नाही, मी बसत नाही त्यात.

निर्लेखन थांबवा. जे काढायचंय त्याची यादी महिनाभर आधी बोर्डावर लावा, नीट दिसेल अशी. बाइंडिंगचा खर्च आम्ही सभासद वर्गणी काढून देऊ, आम्ही सहा जण तर आत्ताच तयार आहोत, माझ्याकडे सह्या आहेत.

आणि शेवटची मागणी एकाच पुस्तकाची आहे. दाखल क्रमांक ४१८७. जुना विज्ञानकथांचा संग्रह, निळं कापडी बाइंडिंग, कणा उसवलेला. त्याची शेवटची दोन पानं कधीच फाटून गेली होती, नेमकी शेवटच्या कथेची, यान परत येतं की नाही ते ज्यात आहे ती. पण कुणीतरी, माझ्या जन्माच्याही आसपास कधीतरी, ती दोन पानं दुसऱ्या प्रतीवरून हाताने उतरवून काढली होती. रेघांच्या फुलस्केपवर, निळ्या शाईत, कागद पुस्तकाच्या मापाला कापून, डिंकाने चिकटवलेला. बारीक, सुटं, उजवीकडे थोडं झुकणारं अक्षर. खाली नाव नाही, नुसतं 'पुढच्या वाचकाची अडचण होऊ नये म्हणून'. मी ते पुस्तक चार वेळा नेलंय, खरं सांगते, त्यातल्या दोनदा नुसती ती पानं बघायला.

डिसेंबरात जिन्याखाली एक पोतं उभं होतं, तोंड सुतळीने बांधलेलं, आणि फटीतून तो निळा कणा मला दिसला. मी ताईंना म्हटलं हे मला काढून द्या, त्या म्हणाल्या सेक्रेटरींना विचारावं लागेल. पुढच्या शनिवारी आले तर पोतं नव्हतं.

पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, दिलंत हे मला समजलंय. किलोने किती आले ते विचारत नाही. कुठल्या पस्तीवाल्याला दिलंत, मांडवीकडच्या की वाडीतल्या, तेवढं फक्त सांगा. पावती असेलच तुमच्याकडे, ऑडिटला लागते. स्कूटर आहे माझ्याकडे, बाकी मी बघते.

कळावे,

तुमची एक सभासद
(मोठ्यांच्या कार्डावरची)
वडोदरा